सौर विक्रमाचा आकडा छापा, पण दाणा कसा धरला तेही छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अधूनमधून सौर पॅनेलच्या नव्या विक्रमाची चौकट येते. पेरोव्स्काईट नावाच्या पदार्थाच्या सोलर सेलची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हापैकी किती वीज होते ते प्रमाण, अमुक टक्क्यांवर पोचली, परदेशातल्या कुठल्या संस्थेने ती गाठली, आणि शेवटी वीज लवकरच स्वस्त होणार असं एक वाक्य. या चौकटी मी कापून ठेवतो. पण तो आकडा वाढला कशामुळे, हे त्यातली एकही चौकट सांगत नाही.

माझी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत, पॅन सेक्शनवर, म्हणजे साखरेचा दाणा तयार करतात तिथे, झाली. आधी शिफ्ट केमिस्ट, मग पॅन इनचार्ज. त्यामुळे या विषयाकडे मी आलो तो विजेच्या वाटेने नाही, स्फटिकाच्या वाटेने. २००९ पासून पेरोव्स्काईटची जी प्रगती झाली, तिचा फार मोठा वाटा एकाच कामाचा आहे: द्रावणातून दाणा, म्हणजे बारीक स्फटिक, कधी धरू द्यायचा, किती धरू द्यायचे आणि धरलेले कोणत्या वेगाने वाढू द्यायचे. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे अवघड जायचं कारण नाही. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी पूर्ण छापावं, अशी विनंती आहे.

पेरोव्स्काईट हे मूळचं एका खनिजाचं नाव. १८३९ साली गुस्ताव रोझ या जर्मन शास्त्रज्ञाला ते उरल पर्वतातल्या नमुन्यांत सापडलं आणि रशियाच्या लेव्ह पेरोव्स्की यांचं नाव त्याला दिलं गेलं. सौर सेलमध्ये वापरतात तो पदार्थ ते खनिज नव्हे. त्याच्या अणूंची मांडणी तेवढी तशीच असते. त्यात शिसं असतं, आयोडीन असतं, फॉर्मामिडिनियम नावाचा एक सेंद्रिय भाग असतो आणि बहुतेक वेळा थोडं सिझियम. हे सगळे क्षार एका द्रावकात विरघळवून काचेवर पसरायचे, वाळवायचे आणि शंभर-दीडशे अंशांवर तापवायचे, की काळसर तपकिरी थर तयार होतो. त्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या छपरांवर आणि कृषिपंपांवर आज जी पॅनेलं आहेत त्यातली सिलिकॉनची चकती याच्या कितीतरी पट जाड, सुमारे दीडशे मायक्रॉन असते. शिवाय सिलिकॉन १४१४ अंशांवर वितळतो. त्याचा स्फटिक भट्टीत तासन् तास सावकाश ओढून काढावा लागतो. पेरोव्स्काईटचा स्फटिक मात्र काही सेकंदांत धरतो. स्वस्ताई तिथूनच येते आणि सगळी कटकटही तिथूनच सुरू होते.

जपानमध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात मियासाका यांच्या गटाने २००९ साली पहिला असा सेल नोंदवला. कार्यक्षमता ३.८ टक्के, आणि आतल्या द्रवाने तो पदार्थच विरघळायचा, त्यामुळे सेल काही मिनिटांत बाद व्हायचा. २०१२ मध्ये दक्षिण कोरियाचे नाम-ग्यू पार्क आणि स्वित्झर्लंडचे मायकेल ग्रेट्झेल यांनी द्रवाऐवजी घन थर वापरून ९.७ टक्के गाठले. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये हेन्री स्नेथ यांच्या गटाने १०.९ टक्के दाखवले. आज छोट्या सेलचे प्रमाणित आकडे २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. सिलिकॉनवर पेरोव्स्काईटचा थर चढवून केलेल्या जोड-सेलने २०२४ मध्ये ३४.६ टक्के गाठले. आता मधल्या वर्षांत काय बदललं ते पाहा. मूळ घटक बऱ्याच अंशी तेच राहिले: शिसं, आयोडीन, एखादा सेंद्रिय भाग. बदलला तो थर, आणि त्यातला दाणा.

हे कळायला आधी पॅनवर काय चालतं ते सांगतो. साखर कारखाना म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर गव्हाण आणि चिमणी येते. पण साखर होते ती व्हॅक्यूम पॅनमध्ये. तिथे निर्वात जागेत साठ-सत्तर अंशांवर सिरप उकळत असतं. पाणी उडत जातं तसं सिरप संपृक्त होतं आणि मग अतिसंपृक्त. म्हणजे त्या तापमानाला जेवढी साखर विरघळून राहायला हवी, त्याहून जास्त त्यात असते आणि ती बाहेर पडायला बघत असते. पण इथे एक पट्टा असा आहे की अतिसंपृक्त असूनही सिरपमध्ये आपोआप नवा दाणा पडत नाही. आधीचा दाणा असेल तर तो मात्र वाढतो. आम्ही त्याला मेटास्टेबल पट्टा म्हणतो. पॅनमनची सगळी कसोटी त्या पट्ट्यात राहण्यात असते. त्याच्या वर गेलात की पॅनभर बारीक, नकोसा दाणा पडतो. तो फॉल्स ग्रेन. खाली आलात तर होता तो दाणाही विरघळायला लागतो.

जुन्या काळी सिरप मुद्दाम वर नेऊन धक्का देत आणि दाणा आपोआप पाडत. किती पडेल ते पॅनमनच्या हातावर आणि नशिबावर. नंतर सीडिंग आलं. साखर स्पिरिटमध्ये बारीक दळून तिची स्लरी करायची आणि मोजून पॅनमध्ये ओढायची. म्हणजे दाणा किती हवा ते आधीच ठरतं आणि पॅनमनला फक्त तो वाढवायचा राहतो. प्रूफ स्टिकने नमुना काढून काचेवर थेंब पसरायचा आणि दिव्यासमोर धरायचा. दाणा एकसारखा असेल तर कडा लख्ख दिसतात. दाण्याला दाणा चिकटून गड्डे झाले असतील तर मधल्या फटीत मळी अडकते. ती सेंट्रिफ्युगलमध्ये, म्हणजे साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्रात, कितीही धुतली तरी निघत नाही आणि साखरेचा रंग बिघडतो. बाजारात पोत्याला कमी भाव मिळतो त्याचं मूळ पुष्कळदा त्या फटीत असतं.

पेरोव्स्काईटच्या थरातही दोन दाण्यांमधली सीमा हीच मुख्य दुखरी जागा आहे. उन्हाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन थरातून वाहत बाहेर पडायला हवा. दाण्याच्या आत त्याला वाट मोकळी असते. सीमेवर अणूंची मांडणी तुटलेली असते. तिथे इलेक्ट्रॉन अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ओलावा आत शिरतो तो सीमेवरून. आयोडीनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जागा सोडून भटकतात तेही सीमेवरून. थरात दोन दाण्यांमध्ये सरळ भोक राहिलं तर वरचा आणि खालचा थर एकमेकांना भिडतात आणि सेल शॉर्ट होतो. म्हणून थर सलग हवा, दाणे शक्य तितके मोठे आणि एकसारखे हवेत, आणि ज्या सीमा टाळता येत नाहीत त्या एखाद्या रसायनाने बुजवलेल्या हव्यात.

हे साधलं कसं, याची कथा माझ्या मते त्या विक्रमांच्या आकड्यांपेक्षा मोठी आहे. २०१३ मध्ये ग्रेट्झेल यांच्या गटाने दोन पायऱ्यांची रीत काढली. आधी शिशाच्या आयोडाईडचा थर द्यायचा आणि मग तो दुसऱ्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा. १५ टक्के मिळाले. २०१४ मध्ये कोरियाच्या सांग इल सोक यांच्या गटाने पुढची पायरी गाठली, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. त्यांनी द्रावकात डायमिथाईल सल्फॉक्साईड, म्हणजे डीएमएसओ, घातलं. हे रसायन शिशाच्या आयोडाईडला धरून ठेवतं आणि मधलीच एक अवस्था तयार करतं, त्यामुळे स्फटिकाला घाई करता येत नाही. मग काच गरगर फिरत असतानाच वरून टोल्युईन सोडलं. टोल्युईनमध्ये ते क्षार विरघळत नाहीत, पण ते मूळ द्रावक खेचून घेतं. एका क्षणात सगळ्या काचेवर एकदम अतिसंपृक्त अवस्था येते आणि सगळीकडे एकाच वेळी दाणा धरतो. थर आरशासारखा गुळगुळीत. पुढे टोल्युईनच्या जागी क्लोरोबेंझिन आलं, ईथर आलं, आणि ही रीत जगभरच्या प्रयोगशाळांत गेली.

मी ती स्वतः पाहिली. माझी पुतणी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते, तिने मला एकदा प्रयोगशाळेत नेलं. ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, हात घालून तिने इंचभर काच फिरकीच्या यंत्रावर ठेवली. वर पिवळ्या द्रावणाचे थेंब टाकले आणि यंत्र आधी सावकाश, मग मिनिटाला काही हजार फेऱ्यांवर फिरवलं. एका हातात पिपेट. "काका, आता काचेवरच बघा, इकडेतिकडे बघू नका," म्हणाली, आणि थांबायच्या काही सेकंद आधी तिने क्लोरोबेंझिन एका दमात सोडलं. काचेवर फिकट झाक आली. काच उचलून तव्यावर ठेवली आणि बघता बघता ती पिवळटाची तपकिरी, तपकिरीची जवळजवळ काळी झाली. तिने ती तिरकी धरून दिव्याचं प्रतिबिंब पाहिलं. दिवा स्पष्ट दिसला तर फिल्म चांगली. धुरकट दिसला तर दाणे ओबडधोबड, काच बाजूला. दुसऱ्या काचेवर तिने मला दाखवण्यासाठी थेंब मुद्दाम उशिरा सोडला. मधोमध पांढुरकं वर्तुळ उठलं. तोवर वरच्या बाजूने दाणा आपोआप धरायला लागला होता आणि ॲंटिसॉल्व्हंटला, म्हणजे मूळ द्रावक खेचून घेणाऱ्या त्या क्लोरोबेंझिनला, करायला काही उरलं नव्हतं. एखाद-दुसऱ्या सेकंदाचा फरक. मी तिला म्हटलं, याला आमच्याकडे फॉल्स ग्रेन म्हणतात. ते तिने लगेच वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर मी तिला विचारलं की तुम्ही सीडिंग का करत नाही. तिने सांगितलं की करतात. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातून २०१८ मध्ये असा शोधनिबंध आला आहे, ज्यात सिझियम असलेल्या पेरोव्स्काईटच्या बारीक दाण्यांवर पुढचा थर वाढवला. पण मला सगळ्यात जवळचं वाटलं ते २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेलं काम, ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठातल्या आदित्य मोहिते यांच्या गटाचं. मोहिते यांनीच २०१५ मध्ये लॉस अलामोसला असताना, तापवलेल्या काचेवर गरम द्रावण ओतून मिलिमीटरच्या मापाचे दाणे काढून दाखवले होते. नव्या कामातला प्रश्न वेगळा होता, आणि तो नीट सांगायला हवा.

फॉर्मामिडिनियम आणि शिशाचं आयोडाईड या जोडीची दोन रूपं आहेत. काळं रूप ऊन उत्तम शोषतं. पिवळं रूप विजेच्या कामाचं नाही. काळं रूप साधारण १५० अंशांवर तयार होतं. पण खोलीच्या तापमानाला त्याचा ओढा पिवळ्याकडे असतो, आणि दमट हवेत तो आणखी वाढतो. म्हणजे आज चांगला दिसणारा थर उद्या आपोआप बिघडू शकतो. मोहिते यांच्या गटाने फॉर्मामिडिनियमच्याच, पण पापुद्र्यांची रचना असलेल्या दुसऱ्या एका पेरोव्स्काईटचे दाणे बीज म्हणून वापरले. वाढणारा थर त्या बीजाची मांडणी उचलतो, किंचित दाबला जातो, आणि काळं रूप १०० अंशांवरच धरतं. अर्धा चौरस सेंटिमीटरच्या सेलवर २४.१ टक्के मिळाले. ८५ अंशांवर, सतत प्रकाशात आणि सतत वीज काढत १००० तास चालवल्यावर ९७ टक्के क्षमता शिल्लक होती. विक्रमाच्या आकड्यांपुढे २४.१ हा आकडा छोटा दिसतो, म्हणून कदाचित त्याची चौकट कुठे आली नाही. माझ्या दृष्टीने तो थर ८५ अंशांवर हजार तास टिकला ही बातमी होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पॅनेलला हात लावून पाहा, म्हणजे ती का होती ते कळेल.

आणखी एक गोष्ट पॅनवाल्या माणसाच्या लगेच लक्षात येईल. थर वरून सुंदर दिसतो, पण तळाशी काय आहे ते दिसत नाही. वरची कातडी आधी घट्ट झाली की खाली अडकलेलं डीएमएसओ नंतर वाट काढत बाहेर पडतं आणि काचेलगत पोकळ्या राहतात. तिथून सेल खराब व्हायला लागतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या जिनसोंग हुआंग यांच्या गटाने २०२१ मध्ये हे दाखवलं. डीएमएसओचा काही भाग काढून त्याजागी कार्बोहायड्राझाईड हा घन पदार्थ घातला, तो थरातच राहतो आणि पोकळी पडत नाही. साधा उपाय आहे, पण तळ तपासायचं कुणाच्या तरी मनात आलं म्हणून तो सापडला.

आता मुख्य अडचण. इंचभर काचेवर पिपेटने थेंब सोडणं जमतं. दोन मीटर लांब पॅनेलवर ते जमणार नाही. तिथे द्रावण फटीतून ओतणारी यंत्रं लागतात आणि द्रावक काढायला दुसरी युक्ती. एक युक्ती निर्वाताची आहे. ग्रेट्झेल यांच्याच गटाने २०१६ मध्ये ओला थर एकदम निर्वात पेटीत नेऊन द्रावक खेचून काढला आणि एक चौरस सेंटिमीटरहून मोठ्या सेलवर २० टक्क्यांच्या आसपास आकडे मिळवले. दुसरी युक्ती हवेच्या पातळ, सपाट झोताची. यातलं काहीही केलं तरी सगळ्या काचेवर, कडेला आणि मध्ये, दाणा एकाच क्षणी धरला पाहिजे. छोट्या सेलचा विक्रम आणि मोठ्या पॅनेलचा आकडा यांत जी तफावत दिसते तिचं एक मोठं कारण हे आहे. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकाला पहिली व्यापारी जोड-पॅनेलं पाठवली. त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. छोट्या जोड-सेलचा विक्रम त्याच वर्षी ३४ च्या पुढे होता. दोन्ही आकडे खरे आहेत. पण वाचकाला फक्त दुसरा कळतो.

आणि मग हवा. माझा जीव ज्यात गुंतला आहे तो भाग हा. परदेशातले बहुतेक विक्रम नायट्रोजन भरलेल्या कोरड्या पेटीत झालेले असतात. ओलावा हा इथे सरळसरळ शत्रू आहे असंही नाही. कॅलिफोर्नियात यांग यांग या शास्त्रज्ञाच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की तापवताना हवेत तीस टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल तर दाणे उलट चांगले वाढतात. थोडा ओलावा दाण्यांच्या कडा सैल करतो आणि ते एकमेकांत मिसळतात. पण तीस टक्के वेगळे आणि आपल्या पश्चिम महाराष्ट्रातला जुलै वेगळा. त्या दिवसांत पुतणीच्या विभागात पेटीबाहेर केलेली एक फिल्म चांगली येत नाही. पेटीसाठी नायट्रोजनचं सिलिंडर वेळेवर येत नाही आणि खोलीसाठी मागितलेल्या आर्द्रता काढायच्या यंत्राची फाईल वर्षभर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आहे. पावसाळ्यात ही मुलं मोजमापं आणि लेखन करत बसतात, थर देत नाहीत. विभागाचं नाव मी देत नाही, कारण असं एकाच ठिकाणी होत असेल असं मला वाटत नाही.

पण याच हवेत शिकलेला माणूस काय करू शकतो याचं उदाहरण आहे. सावंता माळी हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पीएच.डी. करून दक्षिण कोरियात ग्वांगजूच्या चोन्नम राष्ट्रीय विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या हवेत काम करायची रीत बसवली. काच फिरत असताना तिच्यावर गरम हवेचा झोत सोडायचा. झोताने द्रावक पटकन उडतं, ओलावा जवळ येऊ शकत नाही आणि दाणा एकदम, एकसारखा धरतो. ॲंटिसॉल्व्हंटचं विषारी रसायनही लागत नाही. पुढे २०२३ मध्ये 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात त्यांचं जे काम आलं त्यात सेंद्रिय भाग अजिबात नसलेल्या, फक्त सिझियम, शिसं आणि आयोडीनच्या पेरोव्स्काईटची दोन वेगवेगळी स्फटिकरूपं एकावर एक चढवली. एक थर गरम हवेने, दुसरा निर्वातात वाफ करून. कार्यक्षमता २१.५ टक्क्यांच्या पुढे. ज्या पदार्थाचं काळं रूप दमट हवेत पिवळं पडतं म्हणून लोक हात लावायला कचरत, त्यातून हे काढलं. कोल्हापूर-सांगलीच्या किती घरांना ही गोष्ट माहीत आहे? ही चौकट मराठी वृत्तपत्रात पहिल्या पानावर यायला हवी होती, असं मी मनापासून म्हणतो.

मुंबईत आयआयटीमध्ये २०१० पासून राष्ट्रीय फोटोव्होल्टाईक संशोधन केंद्र आहे आणि तिथे सिलिकॉन-पेरोव्स्काईट जोड-सेलवर चांगलं काम चालू आहे. पण एका पवईवर भागणार नाही. आमच्या धंद्यात स्फटिक वाढवणं हे शिकवायचं काम आहे हे फार पूर्वीच मान्य झालं. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत शुगर बॉयलिंगचा वेगळा सर्टिफिकेट कोर्स आहे. पीएच.डी. नसलेला, पण हाताला आणि डोळ्याला वळण लागलेला माणूस तयार करायचा तो कोर्स. महाराष्ट्रात दोनशेच्या आसपास साखर कारखाने गाळप करतात आणि त्या प्रत्येकात असा माणूस रात्रपाळीला पॅनसमोर उभा असतो. पेरोव्स्काईटच्या कारखान्यांनाही उद्या असाच माणूस लागणार: थर धुरकट का आला हे पाहून द्रावण, हवा की तापमान, नेमकं काय चुकलं ते सांगणारा. तो तयार करायला आजपासून सुरुवात हवी. शिवाजी विद्यापीठ, पुण्याचं विद्यापीठ, पॉलिटेक्निकं, यांपैकी दोन-तीन ठिकाणी मोठ्या काचेवर थर द्यायची यंत्रं, आर्द्रता हवी तशी ठेवता येणारी खोली आणि थर तपासायची साधनं ठेवा. बाकीच्या महाविद्यालयांच्या मुलांना ती वापरू द्या. आणि पावसाळ्यात काम बंद ठेवू नका. पावसाळ्यात जो थर जमेल तोच कोकणात आणि घाटावर कारखाना काढायला उपयोगी पडेल.

दोन गोष्टींचा खुलासा करतो, नाहीतर लोक गैरसमज करून घेतील. पंपासाठी किंवा छपरासाठी आज पॅनेल घ्यायचं असेल तर सिलिकॉनचं घ्या, थांबू नका. ते पंचवीस वर्षं चालतं आणि पेरोव्स्काईटला तेवढा काळ अजून उन्हात मिळालेलाच नाही. दुसरं, शिसं. एका चौरस मीटरला ते ग्रॅमच्या आतच असतं, पण पाण्यात विरघळू शकणाऱ्या रूपात असतं. पॅनेल फुटलं तर ते शेतात जाता कामा नये. काच पक्की सील करणं आणि जुनं पॅनेल कारखान्याने परत घेणं, हे नियम पॅनेल बाजारात यायच्या आधी व्हावेत. उसाच्या मळीच्या पाण्याने आमच्या ओढ्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलेलं आहे, म्हणून ही गोष्ट मी हलकी घेत नाही.

आपल्या बातमीदारांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी विक्रमाची बातमी आली की टक्केवारीसोबत चार गोष्टी विचारून छापा. सेल किती चौरस सेंटिमीटरचा होता. थर कोरड्या पेटीत दिला की उघड्या हवेत. दाणा कशाने धरवला, थेंबाने, झोताने, निर्वाताने की बीजाने. आणि ८५ अंशांवर, ८५ टक्के आर्द्रतेत तो किती तास टिकला. या शेवटच्या चाचणीत सिलिकॉनच्या पॅनेलला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १००० तास काढावे लागतात, तेव्हा तुलना वाचक स्वतः करेल. माझ्याकडे साठलेली कात्रणं आणि पुतणीने काढलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे चांगल्या आणि बिघडलेल्या थरांचे फोटो आहेत. आपल्या विज्ञान पुरवणीला हवे असतील तर तिच्या मार्गदर्शकांची परवानगी घेऊन पाठवतो.

आणि विद्यापीठांच्या ज्या अधिकाऱ्यांकडे अशी फाईल पडून असेल त्यांना एवढंच सांगणं: आर्द्रता काढायचं यंत्र ऑगस्टमध्ये मंजूर होऊन उपयोग नाही. ते मे अखेर खोलीत बसवून चालू झालेलं असलं पाहिजे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शुगर केमिस्ट
ता. वाळवा, जि. सांगली